थोरलीच्या पेशी

संशोधन केंद्राचं पत्र धाकटीने फोडलं आणि थोरलीच्या हातातली कात्री अर्ध्या कापडातच थांबली. नऊ वर्षांपूर्वीच्या तपासणीत कळलेली आणि तेव्हापासून पोटात दडवलेली गोष्ट त्या पानावर छापून आली होती... ‘रुग्णाच्या बहिणीतही तोच जनुकदोष, मात्र लक्षणं नाहीत.’

धाकटीच्या हृदयाचा स्नायू वर्षागणिक थकत चालला होता. चार पावलं टाकली की धाप लागायची. थोरली कपडे शिवून घर चालवायची, तिचं सगळं करायची, आणि ठरलेलं लग्नही तिने आपणहून मोडलं होतं. “माझ्यावर उपकार केलेस, आता ते जन्मभर मी वाहायचे,” असं धाकटी तिला कितीदा बोलली होती, आणि थोरलीने ते मुकाट्याने गिळलं होतं.

“म्हणजे लग्न माझ्यापायी नाही मोडलंस?”

“मी कधी कोसळेन याचा भरवसा नव्हता गं. कशाला कुणाच्या गळ्यात पडायचं?”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू मला इकडची काडी तिकडे करू दिली नसतीस. मग तुझं कोणी केलं असतं?”

धाकटीचे डोळे भरून आले. तिने विचारलं, “पण तुला काहीच कसं होत नाही?” त्यात हेवा नव्हता, नुसतं कुतूहल होतं. थोरलीलाही इतकी वर्षं तोच प्रश्न छळत होता. म्हणून तर, गुपित फुटेल हे ठाऊक असूनही, तिने या संशोधनासाठी रक्त दिलं होतं.

पुढच्या आठवड्यात दोघी प्रयोगशाळेत गेल्या. संशोधक बाईंनी दोघींच्या रक्तातल्या पेशींपासून कुठल्याही अवयवाच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळपेशी केल्या होत्या आणि त्यांतून हृदयाच्या पेशी वाढवल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली थोरलीच्या पेशी एका लयीत आकसत होत्या. धाकटीच्या मध्येच अडखळत होत्या.

“दोष दोघींत सारखाच आहे,” बाई म्हणाल्या, “पण जनुक असणं वेगळं आणि त्याने काम करणं वेगळं. तुमच्या बहिणीच्या पेशींत दुसरं एक जनुक दुपटीने राबतंय, बहुधा दोषाची कसर भरून काढतंय. तुमच्यात तेच जवळजवळ गप्प आहे.”

“त्याला कामाला लावता येईल?” धाकटीने विचारलं.

“तेच शोधतोय. पण वर्षं लागतील, आणि खात्री देत नाही.”

“चालेल. अजून रक्त लागलं तर सांगा.”

बाहेर बाकावर दोघी टेकल्या.

“मी तुला फार बोलले गं.”

“बोललीस खरी,” थोरली म्हणाली आणि सवयीने तिची नाडी बघायला हात पुढे केला. रोज सकाळ-संध्याकाळ ती बघायचीच. धाकटीने तो हात अलगद उलटा केला आणि थोरलीच्याच मनगटावर बोटं टेकवली.

“इतकी वर्षं तुझी कोण बघत होतं?”

आणि मग कितीतरी वर्षांनी थोरली धाकटीसमोर मनसोक्त रडली.