नवसाबाईंचे गुडघे

अस्थी विसर्जनाला रामकुंडावर जाणं तसं साधंच काम. गुरुजी ठरलेले, रिक्षा ठरलेली, आणि इथल्या पाण्यात हाडं विरघळतात ही खात्रीही ठरलेली. ललितच्या पिशवीत मात्र न विरघळणारा ऐवज होता. स्मशानातल्या माणसाने राखेतून आईचे दोन्ही कृत्रिम गुडघे वेचून हातात दिले होते. काळवंडलेले, जड.

ललितचं पंचवटीत दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान. आईने, म्हणजे नवसाबाईंनी, गुडघे बदलायचं काढलं तेव्हा तो म्हणाला होता, "एवढ्या जुन्या गाडीला नवे पार्ट कशाला?"

"गाडी माझी हाय. तू तुझं दुकान बघ," म्हातारी म्हणाली, आणि गुडघे बदलून आली. तिला त्र्यंबकचा ब्रह्मगिरी स्वतःच्या पायांनी चढायचा होता. ती खडखडीत चालायला लागली, तशी ललितने तिच्या चपला कपाटात कुलूपबंद केल्या. पडली तर निस्तरायचं कोणी? चपला कुलपात राहिल्या आणि म्हातारी झोपेतच गेली.

"घरी ठेवू या ना. आईंचे आहेत," कुंडाकाठी त्याची बायको मंजुषा म्हणाली.

"भंगार आहे ते." ललितने अस्थींबरोबर गुडघेही पाण्यात सोडले. अस्थींचा आवाज झाला नाही. गुडघ्यांचाही झाला नाही.

संध्याकाळी वीज गेली. घरात शेवाळाचा आणि ओल्या राखेचा वास भरला. मग जिन्यात आवाज आला. टक्... टक्...

"आईंची चाल आहे," मंजुषा कुजबुजली.

"काहीतरीच. आई पाय ओढायची."

"ती आधीची. ही ऑपरेशननंतरची..."

आवाज दाराशी थांबला.

"उघडू नकोस..."

मंजुषाने उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. उंबऱ्यावर पाणी साचलं होतं. तेवढ्यात ललितच्या दोन्ही गुडघ्यांना आतून काहीतरी थंडगार लागलं, आणि दिवे आले.

सकाळी त्याला जिना उतरताना पाय परक्याचे वाटले. डॉक्टरांनी एक्स-रे काढला.

"सुरेख बसलेत दोन्ही. ऑपरेशन कोणी केलं?"

"माझं ऑपरेशन झालेलंच नाही."

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, मग गुडघे पाहिले. टाक्याची खूण कुठेच नव्हती. त्यांनी फी घेतली नाही, यावरून प्रकरण गंभीर असल्याचं ललितने ओळखलं.

"काढूनच टाकतो," घरी येऊन तो खुर्चीत बसत म्हणाला. "नाशकात डॉक्टरांना काय तोटा?" आणि फोन घ्यायला उठू लागला. गुडघे हलले नाहीत.

मंजुषाने कपाटाचं कुलूप काढलं, चपला आणून त्याच्या पायांपुढे ठेवल्या.

"घाला, आई," ती म्हणाली. नवऱ्याच्या तोंडाकडे तिने पाहिलंही नाही. "पहाटे त्र्यंबकची बस आहे. आता कोण अडवतं बघू."

ललितला नऊ नंबर लागतो. चपला पाच नंबरच्या होत्या.

बरोबर बसल्या.