बसलं की मोजत नाहीत

हे माझ्या घरात घडलंय. ऐकीव नाही, मैत्रिणीच्या मैत्रिणीचं नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. वाद घालायची ताकद माझ्यात आता उरलेली नाही.

गाव मिलवॉकी. गेल्या वर्षीचा नाताळ.

आमच्याकडे डिसेंबरात दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. जे काही घडलं ते अशाच दुपारी घडलं. रात्रीची वाट बघायची भुतांना काही गरज नसते, एवढं मला कळून चुकलंय.

मी लोरेन. एका रेडिओ स्टेशनवर दुपारच्या कार्यक्रमात बोलायचे. आमचा धंदा बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून थोडं सांगते.

नोव्हेंबर लागला की शहरातली दोन स्टेशनं एकमेकांवर टपून बसतात. नेहमीची गाणी बंद करून दिवसरात्र नुसती नाताळची गाणी कोण आधी सुरू करतंय, याची चढाओढ. जो आधी सुरू करेल त्याच्याकडे लोक जातात. दुकानवाले, दातांचे डॉक्टर, घरी बसलेल्या म्हाताऱ्या, सगळे एकदा स्टेशन लावतात ते नाताळ संपेपर्यंत बदलत नाहीत. ऐकणारे दुपटीने वाढतात. सव्वीस तारखेला गाणी बंद, की सगळे पसार.

त्या वर्षी आमच्या मालकांनी टेक्सासहून निरोप धाडला होता. या डिसेंबरात रेटिंग आलं नाही तर तुम्हा सगळ्यांना नारळ, तुमच्या जागी कॉम्प्युटर बोलेल.

बाकीच्यांचं ठीक होतं. माझं नव्हतं.

माझा नवरा चेट, साठीचा. त्याचं हृदय पार कमजोर झालं होतं. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत गेला तरी त्याला धाप लागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, बसून राहायचं, नसतं धाडस करायचं नाही. त्याची औषधं, त्याचं हॉस्पिटल, सगळं माझ्या नोकरीच्या विम्यावर चालायचं. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की चेट गेला. मला दुसरं काही सुचतच नव्हतं त्या दिवसांत.

आता रेटिंग कसं मोजतात ते सांगते. मोजणारी कंपनी शहरातली काही घरं निवडते. त्या घरातल्या माणसांना कमरेला लावायला एक छोटंसं मीटर देते. कुठलं स्टेशन कानावर पडतंय ते मीटर आपोआप ओळखतं. पण एक गोम आहे. मीटर हललं पाहिजे. टेबलावर काढून ठेवलं, किंवा माणूस फार वेळ नुसता बसून राहिला, की ते मोजणं सोडून देतं. म्हणून काही लबाड लोक ते कुत्र्याच्या गळ्यात बांधतात.

ती घरं कुठली, हे आम्हा रेडिओवाल्यांना कळता कामा नये. चुकून कळलंच तर साहेबाला सांगायचं. साहेबाने कंपनीला कळवायचं, आणि ते घर यादीतून बाद करायचं. असा नियम आहे.

बर्निस मला रोज फोन करायची. ऐंशीच्या पुढची, शहराच्या दक्षिणेला एकटी राहायची. मुलगा ॲरिझोनात, वर्षानुवर्षं तोंड दाखवत नव्हता. नाताळची गाणी लागली की घरात कुणीतरी आहे असं वाटतं, म्हणायची.

एक दिवस बोलता बोलता ती म्हणाली, "लोरेन बाळा, मला ते कमरेचं यंत्र दिलंय गं. आता मी ऐकते ते तुमच्या खात्यात जातं ना?"

मी घाईघाईने फोन आवरता घेतला.

मी नियमाप्रमाणे ड्वेनला सांगितलं. ड्वेन आमचा साहेब. गोड बोलून गळा कापणारा माणूस. त्याने दार लावून घेतलं आणि म्हणाला, तू काही ऐकलं नाहीस, मी काही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या केक आणि नवाकोरा रेडिओ घेऊन तिच्या घरी हजर.

तिथे काय बोलणं झालं ते मला बर्निसनेच फोनवर सांगितलं. खूश होती बिचारी. किती दिवसांनी कुणीतरी दारात आलं होतं. ड्वेनने तिला समजावलं होतं की बसून ऐकू नका, बसलं की मोजत नाहीत, घरातल्या घरात चालत राहा. आणि वर वचन दिलं होतं. तुम्ही चालताय तोवर आम्ही गाणी बंद करणार नाही.

तिचे गुडघे गेलेले होते हो. वॉकर घेऊन चालायची ती.

मी ड्वेनवर भडकले. तो हसला. म्हणाला, "व्यायाम होतोय म्हातारीला. आणि तुझ्या नवऱ्याचा विमा कुणाच्या पायांवर उभा आहे, ते बघ जरा."

मी परत माइकपुढे जाऊन बसले. काय करणार होते?

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आसपास, नोव्हेंबर संपता संपता, बर्निसचे फोन बंद झाले.

एक दिवस नाही... दोन दिवस नाही... आठवडा उलटला तरी नाही.

मी तिला फोन लावून पाहिला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मुलाकडे गेली असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

पण ड्वेन रोज नाचत होता. कंपनी नावं देत नाही, पण कुठल्या भागातलं घर, बाई की पुरुष, वय काय, एवढं आम्हाला दिसतं. दक्षिणेकडची एक म्हातारी सकाळ, दुपार, मध्यरात्र, पहाट, एक मिनिटही न सोडता आमचं स्टेशन ऐकत होती. तिचं मीटर एकदाही थांबलेलं नव्हतं.

"झोपते कधी ही?" मी विचारलं.

"कुत्रा पाळला असेल," ड्वेन म्हणाला.

बर्निसकडे कुत्रा नव्हता. तिला कुत्र्यांचे केस चालत नसत.

त्या शुक्रवारी मी चर्चच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी मिळतो तो तळलेला मासा घ्यायला गेले होते. रांगेत बर्निसच्या शेजारी राहणारी बाई भेटली. मी सहज विचारलं, बर्निस कशी आहे?

मग बाईने सांगितलं.

बर्निसला पुरून तीन आठवडे झाले होते. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्या मधल्या पॅसेजमध्ये पडलेली सापडली. पायांच्या बोटांना फोड आले होते म्हणे. एवढी कुठे चालत होती कुणास ठाऊक, असं ती बाई म्हणाली.

मासा तसाच टाकून मी बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. का गेले ते विचारू नका. कदाचित कुत्राच असेल, मुलाने आणला असेल, असं काहीतरी मला बघायचं होतं.

दाराला विक्रीची पाटी. पायऱ्यांवर बर्फ, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही. वीज तोडलेली. खिडकीला डोळे लावून पाहिलं. घर रिकामं होतं. खुर्ची नाही, पलंग नाही, गालिचासुद्धा गुंडाळून नेलेला.

आणि आतून...

आतून गाणी ऐकू येत होती. आमची. दोन गाण्यांच्या मध्ये माझाच आवाज आला, आदल्या दिवशी मी जे बोलले होते तेच.

मग तो दुसरा आवाज...

टक्. फरफट. टक्. फरफट.

वॉकर टेकायचा आणि पाय ओढायचा. स्वयंपाकघराकडून तो आवाज येत होता, खिडकीपर्यंत पोचत होता, आणि वळून परत जात होता. आत काहीच नव्हतं. लख्ख लाकडी जमीन दिसत होती मला.

मी पळाले. बर्फावर दोनदा आपटले.

ड्वेनला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग त्याने कॉम्प्युटरवरचा आकडा पाहिला आणि हळूच म्हणाला, "कंपनीला अजून कळलेलं नाही ना? मग आपण कशाला सांगायचं?"

आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. आकडा चढत होता. चेटची औषधं येत होती.

पंचवीस तारीख सरली. ठरल्याप्रमाणे गाणी बंद झाली, नेहमीची सुरू झाली. सव्वीसच्या दुपारी मी माइकपुढे बसले. बाहेर अंधारून आलं होतं.

फोनच्या सगळ्या लाइनी एकदम पेटल्या.

पहिली उचलली... टक्. फरफट.

दुसरी... टक्. फरफट.

तिसऱ्या लाइनीवर श्वास होता. थकलेला, रडवेला.

"गाणी का बंद केली लोरेन? मी तर बसले नाही."

मी कशीबशी म्हणाले, "बर्निस, तुम्ही बसा आता. झालं सगळं. बसा हो."

"बसू?" ती म्हणाली. "मग तुझ्या घरच्यांचं कसं व्हायचं?"

लाइन कट झाली. त्यानंतर तिचा फोन कधीच आला नाही. ड्वेनच्या कॉम्प्युटरवरचं ते मीटरही त्याच दुपारी थांबलं.

जानेवारीत डिसेंबरचा निकाल आला. आम्ही पहिले. मालकांनी टेक्सासहून अभिनंदन कळवलं, सगळ्यांच्या नोकऱ्या कायम. विमा कायम. ड्वेनने शॅम्पेन फोडली. मी गाडीत बसून हमसून हमसून रडले, आनंदाने. वाटेत चेटच्या आवडीचा क्रिंगल नावाचा गोड पाव घेतला, बदाम भरलेला.

दार उघडलं, तर तो पलंगावर नव्हता.

तो चालत होता.

स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत. खिडकीपासून परत. अंगातला शर्ट घामाने चिंब, ओठ निळे पडलेले, एक हात भिंतीला धरलेला. रेडिओ बंद होता. घरात आवाज फक्त त्याच्या पायांचा.

मी ओरडले, चेट, वेडा झालास का, बस खाली! त्याला धरून खुर्चीत ढकललं तर तो लहान मुलासारखा रडायला लागला आणि परत उठला.

"बसलं की मोजत नाहीत गं," तो म्हणाला.

मीटरबद्दल मी त्याला कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं. त्याला काळजी नको म्हणून बर्निसचं नावही घरात काढलं नव्हतं.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"एक बाई दुपारी आल्या होत्या. दमल्या होत्या फार. म्हणाल्या, आता तुमची पाळी. तुम्ही थांबलात तर लोरेनची नोकरी जाईल."

"नोकरी राहिली, चेट. आजच कळलं. राहिली रे. तू बस."

त्याने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की ते अजून सोसवत नाही मला.

"हो," तो म्हणाला, "मी दुपारपासून चालतोय ना."

अँब्युलन्समध्ये घातलं तेव्हा तो स्ट्रेचरवर होता, पट्ट्यांनी बांधलेला. पाय तरीही हलत होते, एकापुढे एक. हॉस्पिटलच्या दारातच त्याचं हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, इतका वेळ चाललं हेच नवल. पाय कधी थांबले, ते मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मी नोकरी सोडली. कुणासाठी करायची? ज्याच्यासाठी ती टिकवली तो तिच्यापायी गेला. देवळात किंवा चर्चमध्ये ज्यांना उत्तरं मिळतात त्यांनी मला सांगावं, यात न्याय कुठे आहे. मला फादरनी नुसता रुमाल दिला.

मला वाटलं, मी नोकरीच सोडली म्हणजे त्याला चालायचं कारण उरणार नाही.

मार्चमध्ये ड्वेनचा फोन आला. आवाज खुलला होता. माझी जागा अजून रिकामी ठेवलीय म्हणाला, परत ये. स्टेशन जोरात चाललंय. तुझ्याच भागातला एक ऐकणारा आहे, पुरुष, साठीचा. दिवसरात्र, एक मिनिटही सोडत नाही.

मी फोन ठेवून दिला.

आता नोव्हेंबर लागलाय. दुकानात, दवाखान्यात, पेट्रोल पंपावर, जिथे जाईन तिथे ती गाणी. ड्वेन दर आठवड्याला फोन करतो, माझ्या भल्यासाठीच करतो. मी फक्त एकच विचारते, की तो माणूस बसला का.

अजून नाही, तो सांगतो.