सत्तेचाळीसचा डिसेंबर

फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी अमेरिकेतल्या ॲन आर्बरवर दिवसभर गोठणारा पाऊस पडला आणि काचेसारख्या झालेल्या फांद्या विजेच्या तारांवर कोसळल्या. गुरुवारी सकाळी शरयू उठली तेव्हा घर गारठलेलं, लॅपटॉप नऊ टक्क्यांवर. अंगावर दोन स्वेटर चढवून ती जिना उतरली, तर लॉबीत एक उंच मुलगा भलीमोठी बॅटरी मांडून बसलेला. बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे फोन त्याच्याभोवती चार्ज होत होते.

तिनं लॅपटॉप पुढे केला.

“सॉरी, ओन्ली फोन्स.”

“काय शिष्ट आहे,” ती पुटपुटली.

“शिष्ट नाही… बॅटरी लहान आहे,” तो शुद्ध मराठीत म्हणाला.

त्या थंडीतही शरयूचे कान तापले. तो हसला नाही, फक्त बाजूची खुर्ची सरकवून दिली. नाव दिगंबर, सांगलीचा, बॅटऱ्यांवरच पीएचडी करणारा. लॅबमध्ये सगळे त्याला ‘डिग’ म्हणायचे, आणि त्याला ते मुळीच आवडायचं नाही.

“एवढं काय आहे लॅपटॉपमध्ये?” त्यानं विचारलं.

“थीसिसचं चॅप्टर. ब्रिटन, एकोणीसशे सत्तेचाळीस.”

“सत्तेचाळीस तर आपलं ना?”

“आपला ऑगस्ट. त्याआधी त्यांचा फेब्रुवारी.”

मग ती सांगत राहिली. युद्ध जिंकून दोन वर्षंही झाली नव्हती, आणि तिथे आठवडेच्या आठवडे बर्फ पडत राहिला. कोळशाच्या गाड्या वाटेत अडकल्या, दिवसाचे पाच-पाच तास घरांची वीज बंद. ऑफिसात लोक ओव्हरकोट घालून मेणबत्तीच्या उजेडात काम करत होते. दिगंबर ऐकता ऐकता चार्ज झालेले फोन काढायला विसरला. मग त्यानं तिच्या लॅपटॉपची वायर बॅटरीला लावली.

“ओन्ली फोन्स ना?” शरयू म्हणाली.

“फेब्रुवारी संपेपर्यंत चालेल.”

शनिवारी वीज आली. रविवारी तो तिच्या दारात उभा. “मार्चमध्ये काय झालं, ते विचारायचं राहिलं.”

“बर्फ वितळला, पूर आले.”

“एवढंच? मी चहा प्यायला थांबलो तर जास्त सांगशील?”

ती बाजूला झाली आणि तो आत आला.

नदीकाठच्या रस्त्यावर हळूहळू हिरवळ दिसू लागली. दर रविवारी ती दोघं तिथे चालायची आणि दिगंबर एकेक महिना मागून घ्यायचा. मे उजाडला तेव्हा गोष्ट नोव्हेंबरपर्यंत आली होती. राजकन्येचं लग्न ठरलेलं, पण कापड रेशनच्या कुपनावर. मग देशभरच्या बायकांनी तिच्या झग्यासाठी आपापली कुपनं पोस्टानं पाठवली. कुपनं दुसऱ्याला देणं कायद्यात बसत नव्हतं, म्हणून ती परत करावी लागली.

“स्वतः रफू केलेले कोट घालून हिंडायच्या,” शरयू म्हणाली, “आणि तरी…” दिगंबर तिच्याकडे बघत होता. वाऱ्यानं उडालेली तिची बट त्यानं बोटानं कानामागे सारली, आणि तिचं वाक्य तिथेच राहिलं.

त्याच आठवड्यात तिला ईमेल आली. फेलोशिप. सप्टेंबरपासून एक वर्ष, लंडनच्या अर्काइव्हजमध्ये. “काँग्रॅट्स, यार,” दिगंबर म्हणाला, आणि त्यानंतर बॅगेचं वजन, ॲडॅप्टर, स्वस्त तिकीट याखेरीज दुसरं काही बोलेनाच. शरयू आतल्या आत धुमसत राहिली.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी ती तव्यावर थालीपीठ लावत होती, तो सिंकपाशी भांडी घासत होता.

“डिसेंबरचं तू विचारलंच नाहीस,” ती तव्याकडे बघत म्हणाली.

“विचारलं की वर्ष संपणार.”

“मग ‘जाऊ नकोस’ म्हणायचं.”

“म्हटलं असतं तर थांबली असतीस?”

“नाही.”

“तेच तर…” त्यानं नळ बंद केला. “तू जावंस असंच मला वाटतं, शरयू. आणि जाऊ नयेस असंही. हे दोन्ही एकदम कसं बोलायचं, ते मला महिनाभर सुचत नाहीये.”

“आत्ता तर बोललास.”

“अजून एक राहिलंय.” त्याचा आवाज खाली गेला. “माझं प्रेम आहे तुझ्यावर. लॅपटॉप लावला ना, तेव्हापासून.”

शरयूनं हात पुसून फोन उचलला. नाशिकला संध्याकाळचे साडेसात वाजले होते, आई घरीच असणार.

“आई, तू मागे विचारलंस, तिकडे कुणी आहे का, आणि मी नाही म्हटलं… ते खोटं होतं. बोल त्याच्याशी.”

दिगंबरचे हात साबणानं भरलेले. तिनंच फोन त्याच्या कानाला लावला.

“नमस्कार काकू… मी दिगंबर.” तो ऐकत राहिला, लाल होत गेला. “हो, स्वयंपाक येतो… थोडाफार.” पलीकडून बराच वेळ काहीतरी विचारलं गेलं. त्यानं शरयूकडे पाहिलं.

“नाही काकू,” तो हळू म्हणाला, “मी तिला थांबवत नाहीये. मी थांबणार आहे.”

तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं होतं. शरयूनं दुसऱ्या हातानं गॅस बंद केला, पण फोन काही त्याच्या कानापासून काढला नाही.