काढून टाकलेली ओळ

सकाळी सव्वादहाला कळवणहून फोन आला. दूध शीतकरण केंद्रात बसवलेला नवा नेटवर्क बॉक्स मधूनमधून डेटाची रिकामी पॅकेट पाठवत होता. जुने बॉक्स मात्र ठणठणीत.

इंदिरानगरातल्या त्या छोट्या कंपनीचे मालक ज्ञानेश सर भडकले. "मोहिनी, कोणाची चूक ते शोध. संध्याकाळी तो माणूस घरी जाईल, कायमचा."

मोहिनीला मनातून बरंच वाटलं. नव्या बॉक्सचा ड्रायव्हर, म्हणजे नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्राम, वेदिकाने लिहिला होता. नऊ वर्षं मोहिनी इथे खपली, तिच्या मंजुरीशिवाय कोडची एक ओळ आत जात नसे. आणि मार्चमध्ये टीम लीड झाली कोण? तर सुरगाण्याहून येऊन जेमतेम वर्ष झालेली ही पोर! नुसतं नाव ऐकलं तरी मोहिनीचा जळफळाट व्हायचा.

तिने कोडचा इतिहास उघडला. मार्चमध्येच मेमरी बॅरिअरची, म्हणजे मेमरीतल्या नोंदींचा क्रम राखणारी, एक ओळ उडवलेली. उडवणारी वेदिका. सापडली एकदाची.

"ही ओळ तू काढलीस?"

"हो, ताई."

"तपासलं होतंस?"

"ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. दोन दिवस नीट चाललं."

"नव्या बॉक्सवर?"

"तो तेव्हा आलाच नव्हता."

"मग काढायची एवढी घाई कसली?"

"मला नव्हती काढायची."

"मग?"

वेदिकाने नुसतं स्क्रीनवरच्या त्या बदलाकडे बोट दाखवलं. नोकरी जायची वेळ आली तरी ही बोलत का नाही? मोहिनीने त्या बदलाखालचा शेरा उघडला. वाचला, पुन्हा वाचला.

चार वाजता ती वेदिकाला घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली.

"कोडमध्ये लॉक असतं ते आपल्याच प्रोसेसरांनी एकमेकांच्या कामात लुडबुड करू नये म्हणून," ती म्हणाली. "कार्डाला त्या लॉकचा पत्ताच नसतो. त्याला फक्त 'तयार' ही खूण दिसते. आधी डेटा, मग खूण, हा क्रम ती ओळ राखते. ऑफिसातला आणि जुन्या बॉक्समधला प्रोसेसर तो क्रम आपणहून पाळतो. नव्यातला पाळत नाही. खूण आधी पोचते आणि कार्ड रिकामं पॅकेट उचलतं."

"म्हणजे वेदिकाच," सर म्हणाले.

"हात तिचा." मोहिनीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "शेरा वाचा."

'लॉक आहे ना? मग ही ओळ कशाला? फाजील शहाणपणा नको. काढ, नाहीतर मंजुरी नाही.' खाली नाव मोहिनीचं होतं.

"तिला लीड केलंत, त्याच दुपारी लिहिलंय," मोहिनी म्हणाली. "कोड मी धड वाचलाही नव्हता, सर. तिचं नाव पाहिलं आणि डोकं फिरलं."

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

"ओळ परत घातलीय, वेदिका. बघून घे. मंजुरी तुझी लागेल."