उंदराला दुखलं नाही

"नम्रता, तुझं पोर दुपारचं एकदम तळपाय वढून घेतंय न् किंचाळतंय. लई येगळं रडतंय. बघ बाई," शमशादचाची म्हणाल्या होत्या. मी कामावर असताना भुकूमच्या आमच्या घरी येऊन सम्यकला त्याच सांभाळतात.

"गॅस होत असेल, चाची," म्हणून मी निघालेसुद्धा.

घाई होती ना! आमच्या प्रयोगशाळेत ताम्हिणीच्या एका वेलीचा अर्क वेदना थांबवतो का, ते आम्ही उंदरांवर तपासत होतो. अर्क द्यायचा आणि उंदराला गरम पट्टीवर ठेवायचं. चटका जाणवला की तो पंजा चाटतो, लगेच उचलायचं. नाही चाटला, तरी ठरलेली वेळ संपली की उचलायचंच, नाहीतर पाय भाजतो.

आमचे उंदीर चाटतच नव्हते! पट्टीवर बसून खुशाल मिशा साफ करत होते.

"पेपर कसला, पेटंट घेऊ!" माझा सहकारी अनिकेत नाचायचाच बाकी होता. मीही.

त्या दुपारी अर्क दिलेला उंदीर पट्टीवर ठेवला आणि सवयीने मोबाईलवर घरचा कॅमेरा उघडला. सम्यक पाळण्यात खेळत होता. एकाएकी त्याने दोन्ही पाय पोटाशी ओढले. चेहरा लालबुंद.

उंदीर उचलला. सम्यक शांत.

योगायोग असेल. मग नुसतं पाणी पाजलेला उंदीर ठेवला. त्याने पंजा चाटला. सम्यक खेळतच राहिला.

पुन्हा अर्क दिलेला ठेवला. हो, ठेवला. खात्री करायला नको?

कॅमेऱ्याचा आवाज बंद होता. तरी मला सम्यक ऐकू आला.

"अगं, वेळ कधीच संपली, उचल!" अनिकेत ओरडला.

उंदराच्या पंजांवर साधा डागही नव्हता.

घरी पोचले, तर सम्यकच्या तळव्यांवर फोड.

मी काम सोडलं. अनिकेतने नाही. "तुझ्या हातून होतंय ना? मग मी करतो. तू पोराजवळ बस."

त्याने व्हिडिओ कॉल लावला. त्याचा उंदीर पट्टीवर निवांत. माझ्या मांडीवर सम्यक हसत होता!

"सुटलीस, बाई!" तो म्हणाला. आनंदाने मला रडूच फुटलं.

मग लक्षात आलं. अनिकेत हिंजवडीला बहिणीकडे राहतो. त्या बहिणीला, प्रियदर्शिनीला, तान्ही मुलगी आहे.

आज त्याची मोठी चाचणी आहे. त्याचा फोन बंद. प्रियदर्शिनी उचलत नाही. मी हिंजवडीच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडकलेय.

तिथलं कोणी हे वाचत असेल, तर आयटी पार्कमागच्या शेवटच्या टॉवरमध्ये जा. दारावर प्रियदर्शिनीच्या नावाची पाटी आहे. बाळ झोपलंय म्हणाली, तरी आत जा.

मोजे काढून बघा.