रोज एक आठवण

आमच्या लीहाय गावात माणसांपेक्षा औषधी गोळ्यांचे कारखाने जास्त, असं माझी बायको व्हर्ला म्हणते. मी त्यातल्याच एका कारखान्यात माल तपासतो. वय मागे नेणाऱ्या इतक्या पुड्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत की आता माझा कशावरच विश्वास नाही. वय म्हणजे काही अंगावरचा मळ नव्हे.

यंदा मालकानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, लमारनं, गोळीत काय घालायचं ते ठरवायला एआय आणलं. गोळी घेणाऱ्यानं रोज फोनवर त्याला एक जुनी आठवण सांगायची; त्यावरून ते ज्याची त्याची गोळी ठरवणार. दुसरीकडे कुणी नाक मुरडलं असतं. पण आपलं आयुष्य पुढच्या पिढ्यांसाठी नोंदवून ठेवणं आमच्या ख्रिस्ती पंथात लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. लोक भरभरून बोलले. एकाहत्तर वर्षांच्या व्हर्लानंही नाव दिलं.

थोड्याच दिवसांत तिच्या हातांवरचे डाग गेले, गुडघे धरायचे थांबले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण एकदा मी लग्नाच्या दिवशी बर्फात रुतलेल्या गाडीचा विषय काढला, तेव्हा ती परक्याची गोष्ट ऐकल्यासारखी हसली. तीच आठवण तिनं आदल्या आठवड्यात यंत्राला सांगितली होती.

मी तिची गोळी फोडून तपासली. सुरुवातीला वीस जिन्नस असायचे, मग सात झाले. या वेळी नुसतं तांदळाचं पीठ निघालं. मी लमारकडे गेलो.

"लोक तरणे होतायत ना? मग माशी कुठे शिंकली?" तो म्हणाला.

महिन्याचा पहिला रविवार आमच्यात उपासाचा. त्या दिवशी ज्याला वाटेल त्यानं चर्चमध्ये उभं राहून मन मोकळं करायचं. दर फेब्रुवारीत व्हर्ला कॉर्बिनबद्दल बोलते. कॉर्बिन आमचा एकुलता एक मुलगा. नऊ वर्षांचा असताना सरोवरावरचा बर्फ फुटून बुडाला. याही रविवारी ती उभी राहिली, बोलली, रडली. मला हायसं वाटलं. तेवढं तिनं अजून यंत्राला दिलं नव्हतं.

घरी आल्यावर मी तिला विनवलं, "आता पुरे कर. येऊ देत डाग परत."

ती खिडकीशी उभी होती. चेहरा चाळिशीतला दिसत होता, डोळे तेवढे जुने होते.

"ते रोज विचारतं, अजून काय राहिलंय. मी म्हणते, काही नाही. पण त्याला माहीत आहे."

"त्याला कसं माहीत असेल?"

"मी म्हातारी कशानं झाले, आर्डन? तू तरी असं विचारू नकोस."

मी तिचा फोन काढून घेतला आणि मोटारीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात होती.

सकाळी स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू आलं. मी आधी मोटार उघडून पाहिली. फोन जागेवरच होता.

व्हर्ला पाठमोरी उभी होती. विशीतली पोर वाटत होती. तिनं भिंतीवरची कॉर्बिनची तसबीर उतरवून पुसून ठेवली होती.

"हा कुणाचा रे पोरगा? त्याच्या आईला परत देऊन येऊ या. शोधत असेल बिचारी."

मी खुर्चीवर बसलो.

रात्री माझ्या उशाशी असलेला माझा फोन व्हर्लाजवळच्या ओट्यावर वाजला. मी यंत्राकडे कधीच नाव दिलं नव्हतं.

'आज कॉर्बिनबद्दल सांगाल?'

माझ्या बशीशेजारी एक गोळी ठेवलेली होती. पाण्याचा पेला व्हर्लानं आधीच भरून ठेवला होता.