दाब

भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत. आमच्या धंद्यात घाबरायला माणसाचं शरीर पुरेसं असतं. तरी मुलुंडच्या त्या छोट्या हॉस्पिटलात भर दुपारी जे झालं, ते तुला सांगते.

भीमराज गोवंडीचा, बस ड्रायव्हर. कपाळातल्या सायनसमध्ये पू साठून डोकं फुटायची वेळ आलेली. आधी एकदा दुसरीकडे ऑपरेशन झालं होतं, पण ती वाट परत बुजली. नाकातून दुर्बीण घालून कपाळापर्यंत चढताना डोळा अगदी शेजारी लागतो. मध्ये पापडासारखं पातळ हाड, आणि भीमराजचं तेही मागच्या वेळी निघालेलं. भूल द्यायच्या आधी तो एवढंच म्हणाला, "मॅडम, डोकं दुखलं तरी गाडी हाकता येते. डोळा तेवढा सांभाळा."

आमची एक रीत आहे. शंका आली की मी "दाब" म्हणायचं, आणि दर्शना सिस्टरने पेशंटच्या मिटल्या पापणीवर बाहेरून हलकं बोट दाबायचं. आत जे हलेल ते डोळ्याचं, त्याला कापायचं नाही. माझी नजर दुर्बिणीच्या स्क्रीनवरून हटत नाही. इतक्या वर्षांत दर्शनाचं बोट मी कधी पाहिलेलंच नाही.

एसीची घरघर, नळीतून रक्त ओढल्याचा आवाज, जळक्या मांसाचा वास. वाट जवळजवळ मोकळी झाली होती. समोर एक फिकट पडदा आडवा आला. मागच्या ऑपरेशनचा व्रण असणार, मला खात्रीच होती. कात्री उघडली आणि निव्वळ सवयीने म्हणाले, "दाब."

पडदा हलला.

तो डोळाच होता. कात्री मिटून मी स्क्रीनकडे बघतच दर्शनाला शाबासकी दिली.

उत्तर टेबलाच्या पायथ्याकडून आलं. ती तिथे सलाईनची बाटली बदलत होती.

"मॅडम... मी हात लावलाच नाही अजून..."

तेव्हा मी पहिल्यांदा स्क्रीन सोडून पाहिलं. भूल देणारे डॉ. सुबोध त्यांच्या मशीनपाशी होते. भीमराजच्या डोळ्याजवळ कुणीच नव्हतं. पापणीच्या कोपऱ्यात बोटाएवढा खळगा पडला होता, आणि आमच्या देखत तो हळूहळू भरून आला.

बाजूने वाट काढून ऑपरेशन मी कसंबसं पुरं केलं.

भीमराज नीट शुद्धीवर आल्यावर मी त्याच्या खाटेपाशी गेले. दुसरा डोळा त्याच्याच तळव्याने झाकायला लावला, दोन बोटं वर केली आणि किती दिसतात ते विचारलं.

"तीन," तो म्हणाला.

डोळा दुखावला की दिसण्यात असा घोळ होतो. संपली याची ड्रायव्हरी, असंच वाटलं. मी त्याला पुन्हा नीट बघायला सांगितलं.

"दोन तुमची, मॅडम. साफ दिसतायत."

"आणि तिसरं?"

तो माझ्या हाताकडे बघतच नव्हता.

"ते मागून आलंय... तुमच्या डोळ्यापाशी."

माझ्या मागे भिंत होती. दर्शना समोर, खाटेच्या पलीकडे उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिच्या हातातला ट्रे खाली पडला.

माझ्या पापणीच्या कोपऱ्यावर काहीतरी गार टेकलं, आणि हलकेच दाबलं गेलं.